साखळी किती फूट, किती तास?

जळगावहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून सार देतो.

"शेजारच्या बंगल्यातल्या आप्पांनी दोन वर्षांपूर्वी राखणीसाठी जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. लहान होता तोवर टायगर घरभर फिरायचा. गेल्या दिवाळीपासून गेटजवळच्या पत्र्याखाली साखळीला आहे, सकाळ-दुपार-रात्र. साखळी गुरांची असते तसली, जाड. दुपारी पत्रा तापतो, पाण्याचं भांडं उपडं पडलेलं असतं आणि रात्रभर तो भुंकतो. आप्पांना विचारलं तर म्हणतात, 'सोडला की गेटमधून पळतो, मागे दूधवाल्याच्या अंगावर गेला होता.' पोलीस स्टेशनला गेले तर 'घरगुती मामला आहे, आपसात मिटवा' म्हणाले. आप्पांच्या घराशी आमचं येणं-जाणं आहे, त्यांची सून हळदीकुंकवाला येते. यावर काही कायदा आहे का? की एखाद्या रात्री मीच साखळी सोडून देऊ?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. साखळी सोडू नका. परवानगीशिवाय त्यांच्या आवारात शिरलात तर अतिक्रमणाची तक्रार उलट तुमच्यावरच होईल, आणि कुत्रा कायद्याने आप्पांचा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे महिनोन्‌महिने बांधलेला कुत्रा एकदम सुटला की थांबत नाही. तो सरळ रस्त्यावर धावतो, गाडीखाली येतो किंवा समोर येईल त्याला चावतो. मग 'बघा, साखळीच बरी होती' हे आप्पांचं म्हणणं कायमचं पक्कं होतं.

आता कायदा. आहे, आणि तो १९६० सालापासून आहे: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा. त्यातलं कलम ११, पोटकलम (१) तुमच्या कामाचं. त्याच्या खंड (एफ) नुसार कोणताही प्राणी अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीला वा दोरीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. खंड (जी) खास कुत्र्यांसाठीच आहे. नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. खंड (एच) मध्ये पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं येतं. याशिवाय कलम ३ आहे, त्यात प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यावी असं बंधन आहे. जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच ३ आणि ११ कलमांवर बोट ठेवलं होतं, आणि दंडाची रक्कम वाढवा असंही संसदेला सुचवलं होतं.

दंड अजून जुनाच आहे. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये, म्हणजे जळगावात दोन ग्लास उसाचा रस. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच प्रकार सिद्ध झाला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, पण आज तरी भिस्त जुन्याच आकड्यांवर. त्यामुळे दंडाच्या भीतीने आप्पा साखळी सोडतील या भ्रमात राहू नका. कायद्याचा खरा दाब दुसऱ्या दोन कलमांत आहे. कलम ३४ खाली पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाचा अधिकारी, गुन्हा घडतोय असं मानायला कारण असेल आणि परिस्थिती तशीच असेल, तर प्राणी ताब्यात घेऊन तपासणीसाठी दंडाधिकाऱ्यासमोर किंवा सरकारी पशुवैद्याकडे नेऊ शकतो. आणि मालक दोषी ठरला, तर कलम २९ खाली न्यायालय प्राण्याची मालकीच काढून घेऊ शकतं. पाच हजारांना आणलेलं असो की पंचवीस हजारांना, कुत्रा जाईल म्हटल्यावर माणूस ऐकायला लागतो.

पोलिसांनी तुम्हाला परत पाठवलं त्यालाही कारण आहे. या कायद्याखालचे मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत. साखळी, व्यायाम, पाणी हे तिन्ही खंड त्यात नाहीत. म्हणजे पोलीस स्वतःहून एफआयआर नोंदवून तपास सुरू करू शकत नाहीत. पण 'आपसात मिटवा' म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अदखलपात्र खबर नोंदवून घेणं हे त्यांचं काम आहे. तेव्हा 'एफआयआर घ्या' असा आग्रह न धरता 'एनसी (म्हणजे हीच अदखलपात्र नोंद) नोंदवा आणि प्रत द्या' म्हणा. पुढे तपास व्हायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाहीतर त्याच संहितेच्या कलम २२३ खाली तुम्ही स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करू शकता. नव्या संहितेत दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून आप्पांना आधीच नोटीस जाईल. साखळी लांब व्हायला पुष्कळदा ती नोटीसच पुरते.

काही जण अशा अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ घालून देतात, कारण त्यात पाच वर्षांची शिक्षा आहे. तुम्ही घालू नका. ते प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी आहे. बांधलेल्या कुत्र्याला ते ओढूनताणून लावलं की वाचणारा अधिकारी बाकीचा अर्जही त्याच नजरेने बघतो.

तारखांचं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. १९६० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. अर्जात 'गेले कित्येक महिने' लिहिलंत तर त्यातले बरेचसे मुदतीबाहेर गेलेले असतात. परवाच्या, कालच्या, आजच्या तारखा लिहा.

खरी मेहनत पुढे आहे. कायद्याने तीनदा 'अवाजवी' म्हटलंय, पण किती फूट, किती किलो, किती तास, हे एकदाही नाही. तो आकडा तक्रारदाराने आणायचा असतो. 'बिचाऱ्याला सारखं बांधून ठेवतात' याला कागदावर काही वजन नाही.

फुटांपासून सुरुवात करू. साखळी मोजायला आवारात जायची गरज नाही. बांधलेल्या कुत्र्याभोवती जमिनीवर एक गोल उमटलेला असतो: आत माती घोटून गुळगुळीत, बाहेर गवत किंवा कचरा जसाच्या तसा. त्या गोलाची कड म्हणजे पुढचे पंजे पोहोचतात ती हद्द. फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर ते मोजा, नसतील तर गेटच्या रुंदीशी ताडून बघा. खुंट्यापासून कडेपर्यंतच्या अंतरातून मानेपासून पंजापर्यंतचा दीडएक फूट वजा केला की साखळीची लांबी मिळते. गोलाची त्रिज्या पाच फूट असेल तर साखळी साडेतीन फुटांची.

याला 'आखूड' म्हणायचं का? तुलनेला बाहेरचे दोन नियम सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात बांधायची दोरी किमान १० फूट, किंवा नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या पाचपट, यांतली जी जास्त असेल ती हवी. नुसती साखळी तिथे चालतच नाही. साडेतीन फुटांच्या शेफर्डला हा हिशेब साडेसतरा फुटांवर जातो. कॅलिफोर्नियात साध्या खुंट्याला बांधायचं तर चोवीस तासांत तीन तासांपर्यंतच. हे आपल्याकडे बंधनकारक नाही, अर्जात कायदा म्हणून लिहूही नका. पण 'वाजवी' म्हणजे जगात काय समजतात, हे आप्पांना किंवा अधिकाऱ्याला तोंडी सांगायला उपयोगी पडतं.

वजनाचं सोपं. तशीच साखळी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात तराजूवर ठेवून बघा. दुकानदार फुटावर वजन सांगतो. गुरांची जाड साखळी मानेवर लोंबकळते, पट्ट्याखालचे केस जातात, मग कातडी काळवंडते. लांबून फोटो मोठा करून बघितलात तर मानेभोवतीचा तो केस गेलेला पट्टा दिसतो. दिसला तर त्याचाही फोटो हवा.

तासांसाठी दहा दिवसांची वही करा. रोज चार ठरलेल्या वेळा: सकाळी ६, दुपारी १, संध्याकाळी ५, रात्री १०. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी टिपा. साखळीला आहे का, अंगावर ऊन आहे का, भांड्यात पाणी आहे का. एखाद्या दिवशी सुटलेला दिसला तर तेही प्रामाणिकपणे लिहा. शंभर टक्के वाईट नोंदींपेक्षा अशी वही जास्त खरी वाटते. फोटो तुमच्या गच्चीवरून काढा, चौकटीत त्यांच्या खिडक्या आणि घरातली माणसं नकोत. आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत फोटो कधी काढला ही माहिती उरत नाही. न्यायालयात फोटो द्यायची वेळ आली तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो फोन आणि ती मूळ फाइल हवी.

अर्ज एका पानाचा असावा, असा काहीसा: "दि. २ ते ११ मे या दहा दिवसांत रोज चार वेळा पाहिले असता कुत्रा ४० पैकी ३९ वेळा साखळीला होता. साखळी अंदाजे साडेतीन फूट. दुपारी १ वाजता पत्र्याखाली ऊन येते. ३, ५ व ८ मे रोजी दुपारी पाण्याचे भांडे उपडे होते. फिरायला नेलेले एकदाही दिसले नाही. कलम ११(१) खंड एफ, जी, एच खाली नोंद घ्यावी व कलम ३४ प्रमाणे पशुवैद्यकीय तपासणी करावी." प्रती दोन ठिकाणी द्या: जिल्हाधिकारी कार्यालय आणि पशुसंवर्धन खात्याचं जिल्हा कार्यालय. २००१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी लागते, आणि तिचा पत्ता याच दोन टेबलांवर कळतो. दोन्हीकडे पोहोच घ्या.

भुंकण्याचा एक शब्दही या अर्जात नको. तुमची झोप मोडते हे खरं, पण ते आलं की अर्जाचं रूपच पालटतं. 'कुत्र्याचे हाल' जाऊन 'शेजाऱ्यांचं भांडण' होतं, आणि त्याचं उत्तर तुम्ही एकदा ऐकलंच आहे.

हे सगळं तयार ठेवा, पण लगेच देऊ नका. आधी आप्पांशी बोला, आणि आप्पांच्या आधी सुनेशी. त्या घरात टायगरला भाकरी बहुधा तीच घालते. कायद्याने सुरुवात केलीत तर येणं-जाणं तुटेल आणि कुत्रा आणखी आतल्या बाजूला, तुम्हाला दिसणार नाही असा बांधला जाईल. आप्पांनी बांधायची दोन कारणं सांगितली आहेत: गेटमधून पळतो आणि अंगावर जातो. दोन्ही खरी आहेत, त्यांची टिंगल करू नका. अंगावर जाण्याबद्दल त्यांना एवढं सांगता येईल की बांधल्याने कुत्रा शांत होत नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चावलेल्या कुत्र्यांमध्ये आवारात बांधून ठेवलेल्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं होतं. बांधल्यामुळे चावरे झाले की चावरे म्हणून बांधले, हे त्यावरून ठरत नाही. पण पळायला वाट नसलेला प्राणी जवळ येणाऱ्यावर धावून जातो, हे कुणाही पशुवैद्याला विचारा.

पळण्यावरचा इलाज लोहाराकडे आहे. बंगल्याच्या गेटमधल्या सळ्यांच्या फटी आणि गेटखालची मोकळी जागा, कुत्रा इथूनच निसटतो. गेटच्या आतल्या बाजूने दोन इंची वेल्डेड जाळी मारून घ्यायची, खाली तीन इंचांपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, आणि गेट आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंगची बिजागरी. कुंपण पाच फुटांपेक्षा कमी असेल तर वर आतल्या बाजूला झुकलेले अँगल आणि त्यावर जाळी, दीड फुटाची. एवढं केलं की आवारात साखळीच लागत नाही. दूधवाला, पेपरवाला यायच्या वेळी अर्धा तास बांधा, त्याला कुणी हरकत घेणार नाही.

गेटला हात लावायचा नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे सरकती तार. दोन भक्कम खांबांमध्ये १० ते १२ मीटर अंतरावर, २.१ मीटर उंचीवर ६ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड वायर रोप ताणायची, एका टोकाला टर्नबकल, म्हणजे तारेचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू. दोन्ही टोकांना तीन-तीन यू-क्लॅम्प, एकमेकांपासून चार सेंटिमीटरवर. क्लॅम्पचा यू दुमडून आलेल्या मोकळ्या टोकावर बसला पाहिजे आणि खोबणीची बाजू ताण घेणाऱ्या तारेवर. उलटा बसवला की यू मुख्य तार चेपतो आणि काही महिन्यांत ती तिथेच तुटते, आणि ही चूक फॅब्रिकेशनवालेसुद्धा सर्रास करतात. तारेवर पुली, पुलीला साखळीऐवजी २.४ मीटरचा नायलॉनचा पट्टा, दोन्ही टोकांना फिरत्या कड्या. कडी फिरती नसेल तर पट्ट्याला पीळ पडत जातो आणि तो आखूड होत जातो. दोन्ही खांबांच्या अलीकडे अडीच मीटरवर एकेक जादा क्लॅम्प मारून पुली अडवा, म्हणजे कुत्रा खांबाला गुंडाळला जाणार नाही. आणि तार कुंपणाच्या भिंतीपासून, जिन्यापासून, ओट्यापासून किमान तीन मीटर दूर. बांधलेला कुत्रा भिंतीवर चढून पलीकडे उतरायला जातो आणि गळफास बसून मरतो. एवढी जागा आवारात नसेल तर तार लावूच नका, गेटची जाळीच करा. तार लावली म्हणून खंड (जी) सुटत नाही, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवणं राहतंच.

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो, त्यामुळे यातलं काहीही व्हायच्या आधी सावली आणि पाणी. आप्पांकडून एवढं आजच्या आज मागून घ्या. उघडा पत्रा म्हणजे निवारा नव्हे, तो खाली उष्णता सोडतो. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा गवताचा जाड थर आणि पश्चिमेला ओलं गोणपाट. पाण्याला स्टीलचं भांडं नको, साखळी त्यात अडकून ते उपडं होतं. सिमेंटची किंवा दगडाची छोटी कुंडी भिंतीला टेकवून ठेवा. तीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं, अशा उन्हात तीन लिटर भरलेलं असावं.

टायगर जोरजोरात धापा टाकतोय, लाळ चिकट आलीय, हिरड्या लालभडक झाल्यात, उभा राहताना झोकांड्या जातायत, असं दिसलं तर तो उष्माघात समजा. त्या क्षणी आप्पांना हाक मारा, बाकी सगळं बाजूला. सावलीत घेऊन पोट, जांघा आणि पंजे पाण्याने भिजवा, पंखा लावा, आणि भिजवता भिजवताच पशुवैद्याला फोन करा. पाणी मात्र माठातलं किंवा रांजणातलं घ्या. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी आपल्याकडे दुपारी हात पोळेल इतकं तापलेलं असतं, पाइपमधलं तर त्याहून. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आप्पा तयार झाले तर पहिल्याच दिवशी कुत्रा मोकळा सोडायला सांगू नका. दोन आठवडे धीर धरायचा. पहिले तीन-चार दिवस, गेट बंद ठेवून, सात-आठ मीटरच्या सुती दोरीवर आवारात फिरवायचं, जेवणाआधी म्हणजे भुकेला असताना. हाक मारली आणि आला की त्याला खाण्याचा तुकडा द्यायचा. मग दोरी हातातून सोडून जमिनीवर घासत राहू द्यायची, पळालाच तर तिच्यावर पाय देता येतो. हाकेला दहापैकी आठ-नऊ वेळा यायला लागला की दोरी काढा. या काळात रेबीजच्या लशीची तारीख तपासून घ्या. महापालिकेकडची कुत्र्याची नोंदणी राहिली असेल तर तीही आप्पांना आताच करू द्या.

गळ्यातला जुना पट्टा बदलायलाच हवा. नवा रुंद असावा आणि त्याच्या खाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ओढला की आवळणारी चोक-साखळी बांधायला कधीच वापरायची नाही. बदलताना आधी नवा पट्टा चढवून कडी लावा, गेट मिटलंय ना बघा, आणि मगच जुना सोडा.